निमित्त

"आदरणीय संपादक" असं मी लिहीत नाही.
नुसतं "प्रिय मार्गो",
जणू कालच आम्ही एका दुकानात टोमॅटो चाचपत होतो.
मार्गो टोरांटोत. मी सेंट जॉन्समध्ये,
बेटाच्या पार टोकाला. पुढे थेट आयर्लंड,
आणि मध्ये धुकं.

दोनशे शब्द. त्यात एक माणूस बसवायचा.
अँब्रोज पॉटल, पेटी हार्बर.
कॉड धरायला बंदी आली त्या उन्हाळ्यापासून
त्याच्या जाळ्यांना पाणी लागलेलं नाही,
तरी रोज सकाळी तो शेडमध्ये बसून ती सांधतो.
फाडतं कोण? उंदीर.
"उंदरांचे उपकार आहेत," म्हणतो,
"नाहीतर हातांनी काय केलं असतं?"

पहिली ओळ एकोणीस वेळा लिहिली.
"निळ्या दोऱ्याची गाठ अंधारातही ओळखू येते,"
अशी ती शेवटी स्थिरावली.
खाली माझी ओळख: काय काय छापून आलं.
काय काय साभार परत आलं,
ते लिहिलं असतं तर दोनशे शब्द पुरले नसते.

सोमवारी पाठवू नये म्हणतात, शुक्रवारी तर नाहीच.
बुधवारी, टोरांटोचे दहा वाजता,
म्हणजे आमचे साडेअकरा.
आमचं घड्याळ साऱ्या देशाशी अर्ध्या तासाने फटकून.

सहाव्या आठवड्यात उत्तर आलं.
"सुंदर आहे. पण आत्ताच का?
काही निमित्त?"

बंदीची तिशी उलटून गेलेली.
पस्तिशीला अवकाश.
अँब्रोजला बक्षीस नाही, खटला नाही, प्रसिद्ध नात नाही.
"तो एक्क्याऐंशी वर्षांचा आहे," लिहिलं.
खोडलं.
"जानेवारीत त्याला न्यूमोनिया होऊन गेला,"
तेही खोडलं.
माणूस जातो तेव्हा हाच शब्द पुढे करतात ना:
तापाचं निमित्त झालं. पायरीचं निमित्त झालं.

मार्गोला हे नको होतं, ठाऊक आहे मला.
भली बाई. तिच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं,
तिलाही तेच विचारणारं.

मग इतर उंबरठे.
विनिपेगचे म्हणाले, आमचा वाचक समुद्रापासून फार लांब.
हॅलिफॅक्सचे म्हणाले, जाळी मागच्या वर्षीच झाली.
घर-सजावटीच्या मासिकाने विचारलं,
शेड रंगवलेली आहे का?
बोटींच्या त्रैमासिकाला लेख हवा होता.
मानधन: अंकाच्या तीन प्रती.

मार्चमध्ये बातमी आली.
मार्गोचं मासिक गेलं.
वय सत्तेचाळीस. कागदाच्या भावाचं निमित्त झालं.

एप्रिलमध्ये अँब्रोजकडे गेले.
खाडीच्या तोंडाशी अजून बर्फाचे तुकडे घुटमळत होते.
"छापलं?"
"नाही."
"मग वाच."

सव्वा मिनिट लागला.
सुई काही त्याने खाली ठेवली नाही.
"निळा नव्हे," म्हणाला. "हिरवा.
निळा दोरा पर्यटकांच्या दुकानातला. दोन हंगामांत कुजतो."
थोड्या वेळाने:
"त्या बाईचं काय झालं?"
"घरी असते. बावीस वर्षं होती तिथे."
"मग तिलाच पाठव की.
आता असेल तिला वेळ."

गाडीत हीटर लावून बसले. काच निवळेना.
निळ्याचा हिरवा केला.
मार्गोचा घरचा पत्ता मिळवायला तीन फोन लागले,
तिसऱ्यावर कुणी मला शोकसंदेशवाली समजलं.

प्रिय मार्गो,
निमित्त काही नाही.
दोरा हिरवा आहे.
मागच्या खेपेला मी चुकून निळा लिहिला होता.